नित्यपाठ आणि आचरण

अंबाजोगाईस दासोपंतांच्या देवघरीं एक पासोडी जपून ठेविलेली आहे. तिची लांबी सुमारें चाळीस फूट. आणि त्या जाडसर कापडावर पंचीकरणासारखा वेदान्तांतील रुक्ष विषय शाईनें ओवीबद्ध लिहिलेला. दासोपंत रोज एक ढब्बू पैशाची शाई लिहून संपवीत, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या तर सव्वा लाख सांगतात. बाहेरगांवचा पाहुणा आला कीं मी त्याला देवघराकडे नेतों, आणि पासोडीची हकीकत ऐकून बहुतेक पाहुणे एकच प्रश्न विचारतात: 'एवढें सगळें वाचणार कोण?' प्रश्न थट्टेचा असतो. मला मात्र तो दरवेळीं खरा वाटत आला आहे. धर्मग्रंथ लिहिणें ही एका माणसाची तपश्चर्या होय. तो रोज थोडा थोडा वाचणें आणि त्याप्रमाणें दिवस घालविणें ही अनेक पिढ्यांची, अनेक घरांची गोष्ट आहे. आणि तिचा इतिहास लिहिण्याची तसदी फारसा कोणी घेत नाहीं.

त्या इतिहासांतील एकच प्रकरण आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे; तें मराठी ख्रिस्ती लोकांच्या नित्यवाचनाचें. त्याचा आरंभ अंबाजोगाईच्या देवघरापासून केला, याचें कोणास नवल वाटेल. पण दासोपंतांचें चरित्र इंग्रजींत उतरविलें तें एका ख्रिस्ती पाद्र्यानें. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं मुंबईस कित्येक वर्षें काम केलें, आणि मायदेशीं परतल्यावर उतारवयांत महाराष्ट्रांतील संतकवींचीं चरित्रें एकामागून एक भाषांतरिलीं. त्यांत दासोपंतांचें चरित्र १९२८ सालीं निघालें. याच ॲबटसाहेबांनीं त्यापूर्वीं पांच वर्षें, म्हणजे १९२३ मध्यें, दुसरी एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेस आणिली होती. फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी प्रत लंडनच्या एका संग्रहांत पडून आहे, ही ती गोष्ट. तोंवर हें पुराण आपणांस ठाऊक होतें तें १९०७ सालीं सालढाणा यांनीं मंगळूरास रोमन लिपींत छापिलेल्या आवृत्तीवरून.

योगायोग कसा असतो पाहा. दासोपंतांच्या समाधीची तिथि शके १५३७, माघ वद्य षष्ठी ही धरितात. पुष्कळ पुस्तकांत शकांत अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन १६१५ असें छापून टाकलेलें असतें. परंतु माघ महिना इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतो. तेव्हां तो १६१६ चा आरंभ होय. आणि त्याच १६१६ सालीं गोव्यांत साष्टीच्या राचोल येथें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. इकडे सव्वा लाख ओव्यांचा धनी लेखणी खालीं ठेवितो आणि तिकडे विल्टशायरहून आलेला एक इंग्रज आपल्या मराठी ओव्या छापखान्यांत देतो. दोघांची भेट झालेली नाहीं. एकाला दुसऱ्याचें नांव कळलें असण्याचाहि संभव नाहीं. पण परभाषेंतला अर्थ मराठी माणसाच्या रोजच्या जिभेवर आणून ठेवणें हें दोघांचेंहि काम होतें, आणि दोघांनींहि त्यासाठीं ओवीच निवडली.

शास्त्राचा नेमलेला भाग रोज वाचावा आणि त्यांतून त्या दिवसाचें वर्तन ठरवावें, ही चाल मिशनऱ्यांनीं बरोबर आणिली असें सर्रास समजण्यांत येतें. तें अर्धेंच खरें आहे. अर्धें खरें अशासाठीं, कीं अशी शिस्त युरोपांत खरोखरच होती. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकानें वर्षाच्या प्रत्येक दिवसास पाठ नेमून दिले, ते अशा बेतानें कीं जुना करार वर्षांतून एकदां आणि नवा करार तीनदां वाचून व्हावा. जर्मनींत हेर्नहुट नांवाच्या लहानशा वसाहतींत १७२८ पासून रोज एक वचन सर्वांस सांगण्याचा प्रघात पडला. १७३१ पासून तीं वचनें वर्षावारीं छापूं लागले आणि ती पुस्तिका आजहि दरसाल निघते. १८४२ सालीं डंडी येथील मॅक्शेन या तरुण पाद्र्यानें आपल्या मंडळीकरितां वर्षभराच्या वाचनाचें कोष्टक तयार केलें. तेंहि अद्याप वापरांत आहे.

पण ज्या देशांत गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांचे अध्याय वांटून केला जातो, जेथें चातुर्मासांत संध्याकाळीं ओसरीवर 'रामविजय' किंवा 'हरिविजय' लागतो आणि जेथें वारकऱ्याच्या घरीं हरिपाठ चुकत नाहीं, त्या देशाला नेमाचें वाचन परक्यांनीं शिकविलें असें म्हणणें धाडसाचें होईल. चौरंग होता, पोथीचें बासन होतें, ऐकावयास बसलेलीं घरचीं माणसें होतीं. नवें जें आलें तें वाचन संपल्यानंतरचें. पोथीच्या शेवटीं फलश्रुति असते: हें वाचिल्यानें, ऐकिल्यानें अमुक लाभ होतो. तिच्या जागीं एक प्रश्न येऊन बसला: आज जें वाचलें त्यानें मला कोणतें काम लाविलें? हा प्रश्न वारकरी संतांनीं विचारला नव्हता असें नाहीं. त्यांनीं तो फार कळवळून विचारिला आहे. परंतु घरोघरच्या वाचनाचा तो नेम झाला नव्हता. तो नेम व्हावयास काय काय घडावें लागलें, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

फादर स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि पुढचीं चाळीस वर्षें साष्टींत राहिला. त्याच्या ग्रंथाच्या आरंभींच एक प्रसंग आहे. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्याला विचारितो, कीं देवळांत तुम्ही शिकवितां तें सर्व ठीक. परंतु आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हीं वाचावें तरी काय? मला हा प्रश्न सबंध ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. जुन्या पोथ्या गेल्या, पण पोथीची वेळ कांहीं गेली नाहीं. ती रिकामी राहिली आणि खाऊं लागली. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें हें पुराण त्या रिकाम्या वेळेकरितां लिहिलेलें आहे. रविवारीं व सणावारीं मिस्सेनंतर तें देवळांत वाचीत, आणि लोक पुराण ऐकावें तसे ऐकत. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढिला. तो पुरता पाळला गेला नाहीं हें उघड आहे, पण छापलेल्या ख्रिस्तपुराणाची आज एकहि प्रत सांपडत नाहीं. जें उरलें तें लोकांनीं हातानें उतरून घेतलेलें. सरकारी हुकुमापेक्षां नकलकाराचा बोरू चिवट ठरला, एवढाच आनंद आपण मानावयाचा.

तथापि ख्रिस्तपुराण हें शेवटीं पुराणच. तें कथा सांगतें आणि शंका आली तर पाद्री उत्तर देतो. श्रोत्यानें एकट्यानें पुस्तक उघडून आपल्याशींच विचार करावा, अशी त्याची रचना नाहीं. आणि तसें पुस्तक हातीं द्यावें अशी त्या काळच्या गोव्यांतील धर्मसत्तेची इच्छाहि नव्हती.

पुस्तक हातीं आलें तें एकोणिसाव्या शतकांत, आणि तेंहि अडखळत. श्रीरामपूरच्या विल्यम केरीनें १८११ मध्यें मराठी नवा करार छापिला, पण तो बंगालांत बसून, वैजनाथ पंडिताच्या मदतीनें. केरीनें महाराष्ट्रांत कधीं मुक्काम केला नव्हता. तेव्हां त्या मराठीस मराठी बोलणारांची मान्यता न मिळाली यांत दोष कोणाचा काढावा? १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल आणि त्याचे सोबती मुंबईस पोंचले आणि त्यांच्या मिशननें नव्यानें भाषांतर हातीं घेतलें. १८२६ सालीं त्यांचा नवा करार निघाला. त्याच सालीं हॉल प्रवासांत पटकीनें वारला. या नव्या भाषांतराचें सगळें पवित्र शास्त्र यावयास १८४७ उजाडलें.

या तारखा मी वर्गांत भराभर सांगून टाकतों, कारण खरी अडचण छापण्याची नव्हतीच. १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, हें अमेरिकन मिशनचें ठाणें झालें आणि पुढें नेवासें, राहुरी या बाजूच्या खेड्यांतून जे लोक मंडळींत आले ते बहुतेक महार व मांग समाजांतले होते. ज्यांना वेद ऐकण्याचीहि मनाई आणि गांवच्या शाळेची पायरीहि बंद, त्यांच्यापुढें मिशननें पुस्तक ठेविलें आणि सांगितलें, कीं हें रोज वाचा. वाचावें कसें? मग शाळा आली. ख्रिस्ती वस्तीवरील शाळेचा पहिला हेतु मुलांना शास्त्र वाचतां यावें हा होता. नोकऱ्या वगैरे पुढच्या गोष्टी. म्हाताऱ्या माणसांना अक्षर येत नसे. त्यांच्यासाठीं शाळेंत जाणारा नातू कंदिलाशीं बसून वाची. ज्या घरांत बापानें वाचावें आणि मुलांनीं ऐकावें अशी हजार वर्षांची रीत, त्या घरांत मूल वाचतें आहे आणि बाप ऐकतो आहे, हा उलटा देखावा त्या वस्त्यांनीं पाहिला. ज्यांना एवढेंहि साधलें नाहीं त्यांच्यासाठीं नगरच्या ख्रिस्ती मंडळींनीं कीर्तन उभें केलें. हरि रामचंद्र खिस्ती हे १८३९ मध्यें ख्रिस्ती झालेले ब्राह्मण आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे हे कवि, यांनीं वीणा-टाळांसह शास्त्रांतील आख्यानें लावलीं. युरोपीय पाद्र्यांना आरंभीं हें कितपत रुचलें असेल याची शंका येते. पण लोकांना तें आपलें वाटलें.

आमचा बीड जिल्हा या हालचालीच्या कांठावर होता. तो निजामाच्या राज्यांत, अंबाजोगाईचें नांवहि त्या काळीं मोमिनाबाद. मिशनचीं मोठीं ठाणीं सरहद्दीपलीकडे. पण आष्टी-पाटोद्याच्या माणसाचें जाणेंयेणें जामखेड-नगराकडे, आणि बाजाराच्या वाटेनें पुस्तकेंहि येतात. त्या वाटेच्या एका टोकाशीं आपण शेवटीं जाऊं. आधीं दोन मोठ्या माणसांकडे पाहिलें पाहिजे, कारण नित्यवाचनाचा तो नवा प्रश्न मराठींत खऱ्या अर्थानें विचारिला तो त्यांनीं.

पंडिता रमाबाईंचें बालपण पुराणिकाच्या घरांत गेलें. अनंतशास्त्री डोंगरे आपलें कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थीं हिंडत. देवळांत, घाटावर, झाडाखालीं बसून सगळीं मिळून संस्कृत पुराणें वाचीत आणि लोक जें पुढें ठेवितील त्यावर निर्वाह होई. या दिवसांविषयीं रमाबाईंनीं पुढें एक गोष्ट लिहून ठेविली आहे, ती फार विचार करण्याजोगी आहे. पुराणाचा अर्थ ते सांगत नसत. ऐकणाऱ्यांना संस्कृत समजत नसे. समजलें पाहिजे अशी अपेक्षाहि नव्हती. शब्द कानांवर पडला कीं पुण्य झालें. मग १८७४ च्या सुमारास दुष्काळांत बाप गेला, आई गेली, थोरली बहीण गेली. ज्या वाचनावर सगळें आयुष्य उभें होतें त्यानें पोट तर भरलें नाहींच, पण हें असें कां, याचें उत्तरहि दिलें नाहीं. मी येथें पुराणांची निंदा करीत नाहीं. त्याच भागवताच्या पोटीं एकनाथांनीं मराठी अर्थाची केवढी खाण उघडली आहे. दोष अर्थावांचून केलेल्या वाचनाचा होता, आणि तो त्या मुलीच्या मनाला कायमचा लागून राहिला.

लूककृत शुभवर्तमान तिच्या हातीं प्रथम आलें तें बंगालींत, आसामांत सिल्चर येथें, पतीच्या पुस्तकांत. १८८३ सालीं ती इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमांत असतांना तिनें बाप्तिस्मा घेतला. त्याआधीं त्या भगिनींचें लंडनच्या फुलहॅम भागांतील काम तिनें पाहिलें होतें. समाजानें टाकलेल्या स्त्रियांना तेथें प्रेमानें संभाळीत. हें लोक असें कां करितात, असें तिनें विचारिलें, तेव्हां एका भगिनीनें योहानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची कथा तिला वाचून दाखविली. विहिरीच्या कांठीं बसलेला एक तहानलेला यहुदी, त्याच्या लोकांनीं अस्पृश्य मानलेल्या जातीची आणि लौकिकदृष्ट्या बदनाम झालेली ती स्त्री, आणि तिच्याजवळ त्यानें मागितलेलें पाणी. ही कथा कळण्यासाठीं मराठी माणसाला टीकाग्रंथ लागत नाहीं. आपल्या प्रत्येक गांवच्या पाणवठ्यावर ती बसलेलीच असते. रमाबाईंनीं तो उतारा ऐकला आणि तो पुढें केडगांवास कृपासदन होऊन उभा राहिला. टाकलेल्या स्त्रियांसाठीं तेथें जें घर निघालें त्याचा पाया त्या एका अध्यायांत आहे. वाचनाचा आचरणाशीं संबंध कसा जडतो हें सांगावयाचें झाल्यास मी नेहमीं हें उदाहरण देतों. कारण येथें उतारा कोणता, तो कोणीं वाचला आणि त्याचें काय झालें, हें तिन्ही ठाऊक आहे.

पण नित्यवाचनाची दुसरीहि एक बाजू आहे आणि ती गुरुजनांस गोड लागत नाहीं. जो रोज स्वतः वाचतो तो शिकविणाऱ्यासहि पडताळून पाहूं लागतो. रमाबाईंचा आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून निघाला आहे. तो चाळला कीं दिसतें, कीं बाप्तिस्म्याला दोन वर्षें झालीं नाहींत तोंच ही शिष्या विचारूं लागली, अमुक सिद्धान्त शास्त्रांत कोठें आहे तें दाखवा; नसेल तर केवळ मंडळी सांगते म्हणून मी तो कसा मानूं? त्यांत एक बारीकशी गोष्ट आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरें होतीं. त्याऐवजीं तिला संस्कृत हवें होतें. लॅटिन तिच्या देशांत कोण समजणार? भगिनींना हा गर्व वाटला. मला त्यांत पुराणिकाची मुलगी दिसते, जी न समजणाऱ्या शब्दाला आतां भिऊन होती.

आणि तेवढ्यावर ती थांबली नाहीं. आयुष्याच्या शेवटच्या पर्वांत तिनें संस्कृतहि बाजूस सारलें. चालू मराठी भाषांतर संस्कृत शब्दांनीं जड झालें आहे, खेड्यांतली बाई तें वाचील पण तिला कळणार नाहीं, अशी तिची तक्रार होती. शिवाय वेदान्तांतील शब्द आले कीं त्यांचा जुना अर्थहि पाठोपाठ येतो, हें तिच्याइतकें कोणास समजणार? म्हणून तिनें हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सगळें पवित्र शास्त्र पुन्हां मराठींत आणावयास घेतलें. तें मुक्तिसदनांतच छापावयाचें होतें. दुष्काळांतून वांचवून आणलेल्या मुली खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या, तेव्हां काम हातावेगळें झालें होतें; पुस्तक १९२४ सालीं बाहेर आलें. विद्वानांनीं त्या भाषेस ओबडधोबड म्हटलें आहे. वाङ्मयाचा शिक्षक या नात्यानें मलाहि कांहीं वाक्यें खडबडीत वाटतात. पण अर्थावांचून पुराण वाचणाऱ्या घरांतून निघालेली बाई अर्थाकरितां सौंदर्य खर्चावयास तयार झाली, यांत भाषेचा तोटा पाहावा कीं एका आयुष्याचा हिशेब पुरा झालेला पाहावा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

रेव्हरंड टिळकांची कथा यापेक्षां अधिक परिचित आहे, म्हणून ती लांबवीत नाहीं. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एका अनोळखी युरोपीय गृहस्थानें त्यांना नवा करार दिला. तो गृहस्थ कोण, हें आजवर कळलेलें नाहीं. टिळकांना पुस्तकाचें रूप आवडलें नव्हतें. वाचावयाचें तर हातांत पेन्सिल घेऊन, खुणा करीत वाचावयाचें, या आपल्या संवयीनें ते बसले आणि मत्तयाच्या डोंगरावरील प्रवचनापाशीं अडकून पडले. फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ती पेन्सिल. पोथीवर कोणी खूण करीत नाहीं. पोथी सोवळी असते. पुस्तकाच्या समासांत वाचणारा आपलें म्हणणें लिहितो, तेव्हां तो त्याच्याशीं बोलावयास लागलेला असतो.

टिळकांनीं वाचलेल्याचा अभंग केला. तुकारामानेंच आपणांस ख्रिस्तापाशीं पोंचविलें, असें ते सांगत. मराठी ख्रिस्ती मंडळींत आज गाइल्या जाणाऱ्या गीतांत त्यांचीं गीतें शेंकडोंनीं आहेत. पण नित्यवाचनानें त्यांनाहि स्वस्थ बसूं दिलें नाहीं. १९१७ सालीं, छपन्नाव्या वर्षीं, प्रकृति खालावलेली असतांना त्यांनीं मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडिला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि जागा होती. मिशनच्या हिशेबांत हें कोठेंच बसण्यासारखें नव्हतें. दोन वर्षांत ते वारले, दरबारहि मागें राहिला नाहीं. पुष्कळांनीं याला कवीचा लहरीपणा म्हटलें; मला तें डोंगरावरील प्रवचन पंचवीस वर्षें रोज वाचल्याचा परिणाम वाटतो. उद्यांची चिंता करूं नये हें वाक्य एखाद्यानें फार दिवस मन लावून वाचलें, तर तो एक दिवस पगार सोडावयाचा.

लक्ष्मीबाईंची चाल निराळी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या जवळजवळ पांच वर्षें दूर राहिल्या. परत आल्या त्याहि आपलें पाणी, आपली चूल वेगळी ठेवून. मग एकेक बंधन आपल्या बुद्धीनें तपासून सोडीत गेल्या आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीं धर्म एका उतार्‍यापाशीं घेतला, लक्ष्मीबाईंनीं स्वयंपाकघराच्या दारांत. 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य टिळक अकराएक अध्याय लिहून सोडून गेले होते. पुढचे चौसष्ट अध्याय, जिला नवऱ्यानें धडपडून अक्षर शिकविलें त्या या बाईनें लिहिले. स्टीफन्सनें तीनशें वर्षांपूर्वीं रिकाम्या पोथीच्या वेळेसाठीं जें केलें, तेंच पुन्हां झालें. फरक इतकाच, कीं या खेपेस पुराणिक घरांतली होती.

आतां दुसऱ्या बाजूचेंहि बोललें पाहिजे, नाहीं तर हा इतिहास न राहतां वार्षिक अहवाल होईल. नित्यवाचनाचें कोष्टक हातीं पडलें कीं माणूस कोष्टकच पुरें करूं लागतो. आज किती अध्याय झाले, वर्षांत शास्त्र किती वेळां संपलें, हें बोलणें आणि सप्ताहांत पोथी उरकणें यांत मला कांहीं भेद दिसत नाहीं. फलश्रुति दाराबाहेर काढली ती खिडकींतून आंत आली एवढेंच. आणि पूर्वाश्रमींच्या जातीचें भान? शोमरोनी स्त्रीचा अध्याय दरसाल नेमानें वाचणाऱ्या मंडळ्यांतूनहि महार कोण, मांग कोण, ब्राह्मण कोण हें लग्नाच्या बोलण्यांत दीर्घकाळ निघत राहिलें. विहिरीची गोष्ट कळूनहि विहिरीपर्यंत जातां आलें नाहीं. हा दोष पुस्तकाचा नव्हे हें खरें, पण पुस्तक रोज वाचल्यानें आपोआप जातोहि तो नव्हे.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्यानें मला आष्टी तालुक्यांतील आपल्या घरीं नेलें. त्याचे आजोबा दिवाळीनंतर बैलगाडी घेऊन नगरकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीस जात. अक्षरें त्यांना मोठेपणीं, रात्रीच्या वर्गांत आलीं. त्यांचें पवित्र शास्त्र पत्र्याच्या पेटींत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून गाडीबरोबर फिरलेलें. पुठ्ठा गेलेला, पानांना उसाच्या पाचटाचा वास. आरंभींच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म, एक मृत्यु आणि १९७२ पुढें 'दुष्काळ, खडी फोडली' एवढी नोंद. टिळकांच्या पेन्सिलीची आठवण मला झाली ती आंतलीं पानें उलटतांना. समासांत ठिकठिकाणीं पेन्सिलीनें एक तारीख आणि दोन-तीन शब्द होते. देवाला दान देण्याआधीं रुसलेल्या भावाची समजूत काढावयास सांगितलें आहे, तेथें लिहिलें होतें, 'भावाकडे जाऊन आलो.' शोमरोनी स्त्रीच्या अध्यायाशीं, 'हापशावर सगळ्यांना पाणी.' कोणाचें देणें ठेवूं नये असें पौल रोमकरांस लिहितो, तेथें, 'उचल राहिली', आणि खालीं पुढल्या दोन वर्षांच्या तारखा घालून तेच शब्द पुन्हां.

शत्रूवर प्रीति करावी या वचनाशीं नुसतें 'मुकादम' असें लिहिलें होतें आणि पुढें तारीख होती. त्याखालीं चार वर्षांनंतरची दुसरी तारीख. तिच्यापुढें कांहीं लिहिलेलें नव्हतें. मीं विद्यार्थ्याला विचारिलें, या दिवशीं काय झालें? तो म्हणाला, 'सर, आजोबांनी कधी सांगितलं नाही. पण त्या मुकादमाच्या मयतीला आमच्या घरातून तेच गेले होते, हे आजीला आठवतं.'